अंघोळीच्या पाण्याचा खर्च कुणाच्या खिशातून?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे घर गरम ठेवायला काही लागत नाही. इथे उष्णता लागते ती अंघोळीच्या पाण्याला. डिसेंबरात लागतेच, पण जुलै-ऑगस्टच्या झडीत जास्त. स्वयंपाकाला गॅस आला तरी बऱ्याच घरांत पाणी अजून न्हाणीतल्या बंबात नाहीतर चुलीवरच्या हंड्यातच तापतं. खानापूरकडे लाकूडफाटा, चिकोडी-निपाणीकडे उसाची चिपाडं आणि शेणी. हे सोडून गीझर, सोलर किंवा हीट पंपाकडे (कमी विजेत पाणी तापवणारं यंत्र) वळायचं तर कोणत्या घरावर महिन्याला किती बोजा पडेल? ग्रामपंचायतीला आणि महानगरपालिकेला हे आधी मांडून बघता येतं. मात्र त्यात एक खोच आहे.

ती नेदरलँड्समध्ये चांगली दिसली. तिथली बहुतेक घरं नैसर्गिक वायूवर तापतात. ग्रोनिंगेनचा प्रचंड वायूसाठा १९५९ साली सापडला, उपशामुळे पुढे भूकंपाचे धक्के बसू लागले आणि २०२४ मध्ये तो कायमचा बंद झाला. तिथल्या २०१९ च्या हवामान करारानुसार प्रत्येक नगरपालिकेने २०२१ अखेर उष्णतेचा आराखडा करायचा होता. कुठल्या वस्तीत हीट पंप बसवायचे, कुठे सामायिक गरम पाण्याची पाइपलाइन टाकायची, हे त्यात ठरवायचं. मदतीला वस्तीवार आकडेमोड करणारं सरकारी मॉडेल होतं. त्यात मुख्य हिशेब होता देशाच्या खर्चाचा, कर आणि अनुदानं बाजूला ठेवून. धोरणाला तो हवाच. पण दार वाजवल्यावर माणूस विचारतो, 'माझे किती जाणार?' देशाला सर्वांत स्वस्त पडणारा पर्याय त्या घराला सर्वांत महाग पडू शकतो.

आता हेच आपल्या न्हाणीत आणू. चार माणसं, प्रत्येकी वीस लिटरची एक बादली, म्हणजे ८० लिटर. पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचं. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते, म्हणजे इथे २,००० किलोकॅलरी. विजेच्या भाषेत सुमारे २.३ युनिट. हा आकडा कुठल्याही इंधनाला चुकत नाही. फरक पडतो तो वाया किती जातं त्यात. गीझरच्या टाकीतून थोडी उष्णता निसटते, तेव्हा रोज २.६ युनिट धरू. हीट पंप उष्णता नव्याने तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली ओढून पाण्यात सोडतो. त्यामुळे त्याला साधारण एक तृतीयांश वीज पुरते. कोरड्या लाकडात किलोमागे चारेक युनिट उष्णता असते, पण उघड्या चुलीवर त्यातली १० ते १५ टक्केच हंड्यापर्यंत पोचते. म्हणून रोजचं चार ते सहा किलो जळण जातं. बंबात जाळ मधल्या नळकांड्यातून वर जातो आणि पाणी त्याच्या भोवती असतं. तिथे ३० टक्के धरले तर दोन किलोच्या आत काम भागतं.

इथवर सगळं भौतिकशास्त्र. पुढे कर्नाटक सरकार येतं, आणि हिशेब खरा रंगतो.

गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत वीज मोफत, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात प्रत्येक घराचा हक्क वेगळा आहे. २०२२-२३ मधला महिन्याचा सरासरी वापर आणि वर दहा टक्के. ज्यांची सरासरी ४८ युनिटच्या खाली होती त्यांना पुढे दहा टक्क्यांऐवजी सरळ दहा युनिट वाढवून दिले. हक्कापेक्षा जास्त पण २०० च्या आत वापरलं तर वरच्या युनिटांचे पैसे भरायचे. २०० ओलांडले की पूर्ण बिल.

आता दोन घरं बघा. बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरात आधीपासून गीझर आहे, सरासरी १५० युनिट. हक्क १६५. म्हणजे गीझरची वीज फुकट. जांबोटीकडच्या घरात पाणी चुलीवर, सरासरी ३५ युनिट. हक्क ४५. या घराने गीझर बसवला की महिन्याला ७८ युनिट वाढतात, वापर ११३ वर जातो आणि ६८ युनिट खिशातून. युनिटला सहा रुपये धरले तर चारशेच्या वर. ज्या घराने धूर सोडावा असं आपल्याला वाटतं, त्याच घराला बिल येतं! सरासरी कुटुंबाचा हिशेब मांडणाऱ्या मॉडेलमध्ये ही गोष्ट दिसणारच नाही. म्हणून हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) बिलांची गावनिहाय सरासरी काढून भागत नाही. घरं वापरानुसार वेगळी करावी लागतात.

सोलरचं तसंच. समजा २५ हजारांचा संच, पंधरा वर्षं चालणारा. पैशाला दहा टक्के व्याजदर लावला तर त्याचा महिन्याचा भार २७५ रुपये येतो. पण ज्या घराला बँक दारात उभं करत नाही, ते फायनान्सवाल्यांकडून घेतं. तिथे २४ टक्के धरले की तोच संच ५२० रुपयांवर जातो. संच तोच, ऊनही तेच. माझ्या मते मॉडेलमधला सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच, आणि नेमका तोच एक सरसकट दर टाकून उरकला जातो.

बाकी गोष्टी भराभर. अथणीकडे ऊन भरपूर, पण बोअरचं पाणी क्षाराचं, नळ्यांत थर बसतो. घाटाकडच्या कणकुंबीला पावसाळ्याचे तीन-चार महिने सोलर जवळपास बसून राहतो, तेव्हा जळण किंवा वीज हाताशी हवीच, म्हणजे खर्च दोन्हीकडून. शिवाय कौलारू छपरावर टाकी कशी ठेवणार? वेगळा स्टँड बांधावा लागतो. भाड्याच्या खोल्यांत संच मालकाने घ्यायचा आणि बिल भाडेकरूचं वाचायचं, म्हणून कुणीच हलत नाही. पंचायतीच्या ई-स्वत्तू या मालमत्ता-नोंदीत घराचा मालक सापडतो, राहणारा नाही.

आणि फुकटचं जळण? त्याची किंमत शून्य धरली की चूल प्रत्येक वेळी जिंकते. रानातून मोळी आणणाऱ्या बाईच्या तासांना रोजगार हमीची मजुरी लावली की चित्र पालटतं. मी दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापावेत असं म्हणेन. कारण तिला त्या तासांचे पैसे प्रत्यक्षात मिळत नाहीत आणि बिल मात्र रोख भरावं लागतं.

हे सगळं घालून आकडेमोड केली तर घाटाकडच्या पावसाळी गावांत सोलरही पुढे येत नाही आणि गीझरही. पुढे येतो धुराडं असलेला चांगला बंब. उघड्या चुलीपेक्षा निम्म्याहून कमी जळण, धूर छपराबाहेर आणि विजेचं बिल जसंच्या तसं. पंचायतीने अनुदान द्यायचं तर तिथे आधी यालाच द्यावं.