ज्वारी गेली, सोयाबीन आलं आणि पाऊसही बदलला

ऑक्टोबरच्या सुमारास मराठवाड्यातून एक बातमी हमखास येते: काढून ठेवलेलं सोयाबीन भिजलं, गंजीतच कोंब फुटले. २०१९ मध्ये आली, २०२० मध्येही आली. २०२५ च्या सप्टेंबरात तर अतिवृष्टीने उभी पिकंच गेली. दरवेळी खापर हवामान बदलावर फुटतं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं गेल्या पन्नास वर्षांच्या पीकबदलात दडलेलं आहे.

इथल्या काळ्या रानात पूर्वी खरिपाला मूग, उडीद, तूर, संकरित ज्वारी असायची. भारी जमीन रब्बीच्या ज्वारीसाठी राखलेली. हस्त-चित्रा नक्षत्रांचा, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पाऊस या पद्धतीत संकट नव्हता, गरज होती. त्याच ओलीवर मालदांडी ही रब्बी ज्वारी थंडीत पोसायची. धान्य घरात यायचं, कडबा जनावरांना जायचा आणि शेण परत रानात पडायचं. म्हणून तो काळ सुखाचा होता असं मुळीच नाही. उत्पादन कमी होतं, आणि १९७२ च्या दुष्काळाने त्या व्यवस्थेची मर्यादा उघडी पाडली. शेतकरी खडी फोडायला गेले. रोजगार हमी योजना त्याच दुष्काळातून उभी राहिली.

पुढे जायकवाडीचं पाणी आलं, साखर कारखाने आले आणि बागायत उसाकडे वळली. कोरडवाहू रानात मात्र खरी उलथापालथ १९९० नंतर सोयाबीनने केली. शंभर-एक दिवसांत तयार होणारं, दिवाळीच्या तोंडावर रोख पैसा देणारं पीक. तेलाला देशात आणि पेंडीला परदेशात मागणी होती. ज्वारीला भाव नव्हता, काढणीला मजूर मिळत नव्हते. अशा वेळी शेतकऱ्याने सोयाबीन निवडलं, यात त्याचं काय चुकलं?

त्याच दशकांत पाऊसही बदलत होता. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. अरबी समुद्र तापतोय, तिथून येणारी वाफ वाढलीय. एकीकडे पावसात मोठे खंड, दुसरीकडे चार दिवसांत महिन्याचा पाऊस. खंड नेमका ऑगस्टमध्ये, फुलं-शेंगा धरताना पडला तर दाणा भरत नाही. मुसळधार काढणीला गाठते. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं. शेंग दोन-तीन दिवस ओली राहिली तरी दाणा काळवंडतो, फुगतो, कोंब धरतो. जो पाऊस रब्बी ज्वारीला हवाहवासा होता, तोच आता घात करतो.

यात जमिनीचीही झीज झाली. सोयाबीनच्या भुसकटाला कडब्याची सर नाही. कडबा घटला, ट्रॅक्टर आले आणि दावणी रिकाम्या झाल्या. शेणखत आटलं. सेंद्रिय कर्ब, म्हणजे शेण-पाल्यातून मातीत मुरणारा कार्बन, कमी झालेली माती पाणी धरून ठेवत नाही, म्हणून पावसाचा तेवढाच खंड आज पिकाला जास्त झोंबतो. हवामानाचा मार आणि शेतीची पद्धत इथे एकमेकांत गुंततात.

शेतीचाही हवामान बदलाला हातभार लागतो, हे मान्य करायला हवं. भारताच्या हरितगृह वायूंपैकी साधारण सातवा हिस्सा शेती-पशुपालनातून येतो. त्यात जनावरांच्या रवंथातला आणि भातखाचरांतला मिथेन सर्वाधिक, त्यानंतर नत्र खतांतून सुटणारा नायट्रस ऑक्साइड. पण तीन-चार एकर कोरडवाहू रान आणि एखादी म्हैस असलेल्या कुटुंबाचा त्यातला वाटा नगण्य आहे. तरीही नुकसानीत पहिला नंबर त्याचाच लागतो, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

२०१८ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून शेततळी, रुंद सरी-वरंब्यावरची पेरणी अशी कामं झाली. सरीतून जादा पाणी निघून जातं आणि खंडात वरंब्यात ओल टिकते, हे शेतकऱ्यांनी पाहिलंय. पीक विम्यात मात्र उलटा प्रवास झाला. २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगातल्या, म्हणजे काही निवडक रानांतलं पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर ठरते. काढणीनंतरच्या नुकसानीची वेगळी भरपाई बंद झाली. प्रयोग उभ्या पिकाचा होतो. आठवड्याने ताडपत्रीखाली भिजलेली गंजी त्यात मोजली जात नाही.