हँडस्टँडआधी कान गाठा

पूर्वी खेड्यापाड्यांत अनेक मुलांच्या जन्मतारखेची नोंदच नसे. शाळेत नाव घालताना गुरुजी मुलाला हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावायला सांगत. कान हाती लागला की मूल पहिलीत. जिम्नॅस्टिक्सच्या वर्गात ही चाचणी आजही घ्यावी, असं मी गमतीनं म्हणत नाही.

नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या साधारण पाव असतं, मोठ्या माणसाचं जेमतेम एक अष्टमांश. मधल्या वर्षांत हातपाय भराभर लांबतात, डोकं मात्र त्या मानानं फारसं वाढत नाही. म्हणूनच कान हाती लागायला काही वर्षं जावी लागतात. तीन वर्षांच्या मुलानं हात सरळ वर केले तर तळवे टाळूच्या थोडेच वर जातात. आता हेच मूल उलटं करा. हात टेकले तरी डोकं आणि जमीन यांच्यात फारसं अंतर उरत नाही, आणि अंग तोलण्याइतकी ताकद दंडात आलेली नसते. सगळा भार मानेवर! एवढ्याशा पोराला हँडस्टँडमध्ये, म्हणजे हातांवर उलटं उभं धरून फोटो काढणारे हौशी पालक पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

या वयात करण्यासारखं पुष्कळ आहे. लाटण्यासारखं आडवं लोळायचं, गुडघे पोटाशी घेऊन पाठीवर झुलायचं, बारला लोंबकळायचं. कोलांटउडी शिकवायची ती आधी उतरत्या गादीवर, कारण उतारावर अंग आपसूक पुढे वळतं आणि हातांना रेटा कमी द्यावा लागतो. आणि उडी मारून गुडघे वाकवत उतरायला शिकवायचं. थांबायला जितका जास्त वेळ, तितका सांध्यांवरचा दणका कमी. पुढे दुहेरी कोलांटी घेऊन जमिनीवर उतरताना हा दणका वजनाच्या दहापटीवर जाऊ शकतो, तेव्हा हीच सवय उपयोगी पडते.

खरी नाजूक जागा मनगटाची. वाढत्या हाडाच्या टोकाजवळ कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, एक पट्टी असते आणि हाडाची लांबी तिथूनच वाढते. ही पट्टी आजूबाजूच्या, हाडांना हाडं बांधणाऱ्या अस्थिबंधांपेक्षा कमकुवत असते. जिम्नॅस्टिक्समध्ये हातांनाच पायांचं काम करावं लागतं, त्यामुळे पुन्हा पुन्हा दाब पडून अंगठ्याच्या बाजूच्या हाडाची पट्टी दुखावते. मोठ्यांचं मनगट बहुधा मुरगळतं, मुलांची थेट वाढीची जागाच धोक्यात येते. म्हणून हात टेकल्यावर मनगट दुखतं अशी मुलाची तक्रार आली तर ‘सवय होईल’ म्हणू नका. सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा.

घाईला मोठ्या स्पर्धांचाही आधार उरलेला नाही. 1976 साली माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्समधला ऑलिंपिकचा पहिला ‘परफेक्ट टेन’, म्हणजे दहापैकी दहा गुण, मिळवणारी रोमानियाची नादिया कोमानेची 14 वर्षांची होती. आज ऑलिंपिकमध्ये उतरायला मुलीला त्या वर्षात 16 पूर्ण व्हावी लागतात. आणि उझबेकिस्तानची ओक्साना चुसोव्हितिना तर टोकियो ऑलिंपिकमध्ये 46 व्या वर्षी व्हॉल्टवर, म्हणजे धावत येऊन हात टेकून उडी घ्यायच्या साधनावर, उतरली.

अकरा-बारा वर्षांच्या मुलीला कालपर्यंत जमणारी उडी अचानक जमेनाशी होते, तेव्हा तिच्यावर ओरडण्याआधी तिची उंची बघावी. हातपाय लांबले की त्याच जोरात अंग हळू फिरतं, आणि हाडांच्या मागोमाग ताणले जाणारे स्नायू आखडतात. मुलग्यांमध्ये हे साधारण दोन वर्षं उशिरा होतं. दर तीन महिन्यांनी उंची वहीत लिहिली तर हा काळ वेळेवर लक्षात येतो. तेवढ्यापुरते नवे अवघड प्रकार बाजूला ठेवून जुनेच पुन्हा बसवता येतात.