भुताला बघून हसायला आपण कधी शिकलो? थोडी पार्श्वभूमी

गेल्या दोनतीन वर्षांत आमच्या घरात एक नियमच झालाय, हॉरर कॉमेडी लागली की पेडण्याहून दोन गाड्या भरून पणजीला जायचं, नाईट शो बघायचा आणि परत येताना कुठला सीन भारी, कुठला फालतू यावर भांडायचं. परवा असंच भांडण चाललेलं आणि चुलतभाऊ म्हणाला की हे भूत प्लस कॉमेडी प्रकरण 2018 च्या हिंदी 'स्त्री'पासून सुरू झालं, त्याच्या आधी आपल्याकडे नुसती किंचाळणारी भुतं होती. तेव्हा गाडीत मला नीट सांगता आलं नाही, मागच्या सीटवरून तिघं एकदम बोलत होते. म्हणून इथे लिहितो.

पहिलं म्हणजे आमच्याकडे, म्हणजे गोव्यातलं पेडणे, डिचोली आणि तळकोकण या पट्ट्यात, भुताला हसणं सिनेमाच्या कितीतरी आधीचं आहे. देवळाच्या जत्रेला रात्री काला किंवा दशावतार हे लोकनाट्य असतं, त्यात सुरुवातीलाच संकासुर येतो. वेद चोरणारा राक्षस. काळा वेष, लोंबणारी लाल जीभ, आणि तो येतो तेव्हा पुढे गोणपाटावर बसलेली पोरं आईच्या पदरात घुसतात. पण तोच संकासुर तोंड उघडतो ते थेट गावच्या बोलीत, भटजीची खेचतो, समोर बसलेल्या एखाद्या मानकऱ्याला टोमणा मारतो आणि मागे उभे असलेले बाप्ये पोट धरून हसतात. मी पाचसहा वर्षांचा असताना रडलोय आणि बाजूला काका हसत होता, त्याचा मला जाम राग आलेला. म्हणजे बघा, भीती आणि हसू एकाच पात्रात, एकाच वेळी, फक्त कोण कुठे बसलाय त्यावर ठरतं.

हे एवढं यासाठी सांगतोय की हिंदी सिनेमाला नेमकं हेच जमायला खूप वर्षं गेली.

जुन्या हिंदीत भूत म्हणजे बहुतेक वेळा हवेली, पांढरी साडी आणि गाणं. 'महल' 1949 चा, मग 'बीस साल बाद' 1962 मध्ये, 'वो कौन थी' 1964 मध्ये, आणि शेवटी कळायचं की भूत नव्हतंच, कुणीतरी डाव केलेला. त्या काळात मेहमूदने 1965 मध्ये 'भूत बंगला' काढला, स्वतः दिग्दर्शन केलं, आर. डी. बर्मनला पडद्यावर पहिल्यांदा आणलं आणि घाबरवणं आणि हसवणं एका घरात कोंबायचा प्रयत्न केला. पण तो एकटाच राहिला म्हणायचा, लगेच त्याच्यामागून कुणी रांग लावली नाही.

मग आले रामसे बंधू, भुताचे सिनेमे काढणारे. यांचं प्रकरण खरंच मजेशीर आहे. 1970 मध्ये त्यांचा 'एक नन्ही मुन्नी लड़की थी' पडला, पण त्यांच्या लक्षात आलं की लोक एका सीनसाठी थेटरात परत येतायत, ज्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करायला जातो. झालं, सात भावांनी ठरवलं की बाकीचा मसाला कमी करून हेच विकायचं. 1972 मध्ये 'दो गज़ ज़मीन के नीचे' आणि पुढची दीड दशकं त्यांचीच. 1984 चा 'पुराना मंदिर' आम्ही बऱ्याच नंतर बघितला, चवथीला गावात भाड्याने व्हीसीआर आणायचे, रात्रभर तीन सिनेमे, त्यातला एक नक्की रामसेंचा. टीव्ही अंगणात, आणि पाठीमागे काळोखात माड, त्यामुळे सिनेमा कसाही असला तरी आमची फाटायचीच.

आता त्या 'पुराना मंदिर'मध्ये कॉमेडी आहे बरं का. जगदीप आहे, डाकू मच्छर सिंग म्हणून, आणि सगळी 'शोले'ची नक्कल. पण ती पूर्ण वेगळ्या डब्यात ठेवलेली आहे. भूत इकडे, जगदीप तिकडे, दोघांची भेटच नाही म्हटलं तरी चालेल. तो आला की लोक बिडी प्यायला बाहेर. सिनेमावाल्यांच्या भाषेत याला कॉमेडी ट्रॅक म्हणतात आणि हॉररमध्ये तो जेवणातल्या लोणच्यासारखा कडेला वाढलेला असायचा. शिवाय यातल्या बऱ्याच सिनेमांना ए सर्टिफिकेट, म्हणजे थेटरात घरचे सगळे मिळून जाणं शक्यच नाही, आणि जो सिनेमा आजी, आई, पोरं एकत्र बघत नाहीत त्यात हसायचं तरी कुणी. पंधरा पुरुष काळोखात बसून एकमेकांना मी घाबरलो नाही हे दाखवतात, एवढंच.

माझ्या मते गाडी वळली ती 1993 मध्ये, आणि एकाच वर्षात तीन बाजूंनी. झी टीव्हीवर रामसेंचा 'झी हॉरर शो' सुरू झाला आणि भूत दिवाणखान्यात आलं. केरळात फाझिलचा 'मणिचित्रताळ' आला, त्यात वाडा, नाच, मानसिक आजार आणि मोहनलालची टवाळकी एकत्र, आणि तोच पुढे कन्नडमध्ये 2004 मध्ये 'आप्तमित्र', तमिळमध्ये 2005 मध्ये 'चंद्रमुखी' आणि हिंदीत 2007 मध्ये प्रियदर्शनचा 'भूल भुलैया' झाला. आणि तिसरा, आपला 'झपाटलेला'.

'झपाटलेला'बद्दल थोडं थांबून बोलायला पाहिजे कारण आपण मराठी लोक त्याला नुसता लक्ष्याचा कॉमेडी सिनेमा म्हणून टाकून देतो. मूळ कल्पना 1988 च्या अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'ची, हे कुणी नाकारत नाही. पण महेश कोठारेने त्यात जे केलं ते बघा, तात्या विंचू हा बाहुला रामदास पाध्येंचा, म्हणजे ज्या बोलक्या बाहुल्यांना बघून आपण लहानपणापासून हसत आलो तोच प्रकार भीतीचा केला. आवाज दिलीप प्रभावळकरांचा. आणि लक्ष्या घाबरतो तो खरा घाबरतो, त्याच्या घाबरण्यावर आपण हसतो आणि पुढच्या मिनिटाला तात्या विंचू कपाटावरून बघत असतो की आपलं हसू बंद. डबे वेगळे राहिलेच नाहीत. आमच्या वर्गातल्या एका पोराने त्या वर्षी घरातली सगळी बाहुली लाकडाच्या पेटीत बंद करून वर दगड ठेवलेला, आणि दिवसा शाळेत तोच सगळ्यात मोठ्याने ओम फट स्वाहा ओरडायचा. यापेक्षा चांगली हॉरर कॉमेडीची व्याख्या मला तरी येत नाही.

(योगायोग बघा, तेच प्रभावळकर 2025 च्या 'दशावतार' सिनेमात तळकोकणातले म्हातारे दशावतारी कलाकार झाले. तो कॉमेडी नाही, पण बघताना मला सारखा संकासुर आणि तात्या विंचू एकाच माणसात दिसत होते.)

गोव्याचा नंबर 2013 मध्ये लागला. राज आणि डीके यांचा 'गो गोवा गॉन', झोंबी, बेटावरची रेव्ह पार्टी, सैफ खोटा रशियन बोरिस. कुणाल खेमू त्यात होता आणि संवादही लिहिलेले. हसलो भरपूर, खोटं कशाला बोलू. पण सिनेमातला गोवा म्हणजे पुन्हा तेच, बीच, गोळ्या आणि बाहेरून आलेली पोरं. आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचारा भीती कशाची, ती झोंबी सांगणार नाही, ती गावचा देवचार सांगेल, गाव राखणारा राखणदार सांगेल, पिंपळावरचा मुंजा सांगेल. माझी आजी सांजेला बजावायची, "तिनसांजेचो पिंपळाकडे वचूं नाका." त्या सिनेमात गावचं एकही भूत नाही. म्हणून तो मजा देऊन गेला आणि भीती काय राहिली नाही.

आणि गंमत म्हणजे हीच चूक त्याच दोघांनी सुधारली. 2018 चा 'स्त्री' राज आणि डीकेनेच लिहिला, दिग्दर्शन अमर कौशिकचं. 1990 च्या दशकात बंगळुरात लोक दारावर 'नाळे बा' म्हणजे उद्या ये असं लिहायचे, रात्री दार ठोठावणाऱ्या बाईला चकवायला, ती दंतकथा उचलून मध्य प्रदेशातल्या चंदेरीत नेऊन ठेवली. तिथे ती स्थानिकच वाटते, कारण गल्ल्या, शिंपी, टवाळ पोरं सगळं त्या गावचं आहे. आणि विनोद कुठे आहे तर रात्री बाहेर पडायला पुरुष घाबरतायत, साडी नेसतायत, बायका निवांत. भुताची टिंगल नाहीच, टिंगल घाबरणाऱ्याची. संकासुराच्या वेळी पदरात घुसलेला मी, तसं.

मग 2024 आलं आणि धंद्याचं गणितच बदललं. जूनमध्ये 'मुंज्या', मोठा स्टार नाही, कोकणातली गोष्ट, दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, ज्याने 2022 मध्ये मराठीत 'झोंबिवली' केलेला, आणि कमाई 100 कोटींच्या पुढे. ऑगस्टमध्ये 'स्त्री 2', नुसत्या भारतात 500 कोटींच्या पुढे. दोन्ही यू/ए. म्हणजे आजी, आई, पोरं सगळी आत. रामसेंना जे कधी नीट मिळालं नाही ते हे.

माझं मत विचाराल तर 'मुंज्या' मध्यंतरापर्यंत फार आवडला, सोडमुंज न होता मेलेला पोरगा पिंपळावर राहतो ही गोष्ट आम्ही ऐकतच वाढलो आणि ती पडद्यावर मालवणी वासासकट आली. नंतर कम्प्युटरचं भूत जास्त वेळ दिसत राहिलं आणि जितकं दिसलं तितकी भीती कमी. 'स्त्री 2'मध्ये हसलो जास्त, घाबरलो जवळजवळ नाही, आणि शेवटी पुढच्या सिनेमाची जाहिरात केल्यासारखे पाहुणे येऊन जातात त्याचा कंटाळा आला. 'भूल भुलैया' पहिल्या भागात भूत नव्हतंच, आजार होता, म्हणून तो अंगावर आला, पुढच्या भागांत मंजुलिका हे भूत म्हणजे नुसता मेकअप आणि मोठा आवाज. दचकवणं आणि घाबरवणं यात फरक आहे राव, कानाजवळ फटाका फोडला तर मीही दचकतो.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'तुंबाड' परत थेटरात लागला. 2018 मध्ये फारसा चालला नव्हता, या वेळी पहिल्यापेक्षा जास्त कमावला. त्यात विनोद जवळपास नाही. आमच्या दोन गाड्यांतली एकच गेली, बाकीच्यांना हसायचं होतं.

त्या रात्री परत येताना कुणीच भांडलं नाही. मोप्याच्या अलीकडे वळणावर राखणदाराची घुमटी आहे, तिथे चुलतभावाने सवयीने हॉर्न वाजवला, आणि मागून कुणीतरी हळूच म्हणालं, अजून एकदा वाजव.