काटा हातानं तपासायचा की कॉम्प्युटरनं?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक : सूक्ष्म इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांचं कॅलिब्रेशन

"साहेब, यंदा कॉम्प्युटरवालं कॅलिब्रेशन करून द्या. हातानं केलेलं ऑडिटर मानत नाही म्हणे." वाळूज-शेंद्र्यापासून लातूरपर्यंत, असा फोन आला नाही असा महिना जात नाही. आमचा अनुभव वेगळा आहे. ऑडिटर नोंदी मागतो. त्या कुणी घेतल्या, कोणत्या वजनांनी, खोलीत तापमान किती होतं, हे विचारतो. पेनानं लिहिलंय की छापलंय, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. तरी प्रश्न वारंवार येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून काढलं.

हे पत्रक ०.१ किंवा १ मिलिग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यांबद्दल आहे : औषध कंपन्यांच्या आणि बियाण्यांच्या प्रयोगशाळा, कॉलेजं, सराफांची दुकानं. आडतीवरचे आणि डाळमिलमधले मोठे काटे यात धरलेले नाहीत. तिथली बरीच भांडणं काट्याची नसतात, त्याच्याखालच्या डुगडुगणाऱ्या फळीची असतात.

कॅलिब्रेशन, जुळवणी आणि शिक्का

या तिन्ही गोष्टींना सगळेजण "कॅलिब्रेशन"च म्हणतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो.

थर्मामीटर लावल्यानं ताप उतरत नाही, तसं कॅलिब्रेशन केल्यानं काटा दुरुस्त होत नाही. तो किती चुकतो ते कळतं. समजा, आमच्या २०० ग्रॅमच्या वजनाची सर्टिफिकेटवरची किंमत २००.०००१ ग्रॅम आहे आणि तुमचा काटा २००.०००९ दाखवतो. चूक अधिक ०.८ मिलिग्रॅम. तिच्याशेजारी आम्ही आणखी एक आकडा देतो, अनिश्चितता. ती ०.४ मिलिग्रॅम असेल तर अर्थ असा की खरी चूक ०.४ ते १.२ मिलिग्रॅमच्या दरम्यान आहे, आणि हे आम्ही शंभरात पंचाण्णव खात्रीनं सांगतोय. अनिश्चितता न लिहिलेलं सर्टिफिकेट कुणी दिलं तर घेऊ नका, आमच्याकडून आलं तरी.

ती चूक काढून टाकणं म्हणजे जुळवणी. जुळवणीआधीचे आकडे आणि नंतरचे आकडे, दोन्ही आम्ही सर्टिफिकेटवर देतो. "आधीचे कशाला छापता, चूक दिसते ना," असं काही जण म्हणतात. पण गेल्या सहा महिन्यांत याच काट्यावर जे जे मोजलं, ते धरायचं की टाकायचं, हे त्या आधीच्या आकड्यांवरूनच ठरतं.

तिसरी गोष्ट शिक्का. खरेदी-विक्रीत वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्याला वैधमापनशास्त्र अधिनियम, २००९ खालच्या नियमांप्रमाणे दर १२ महिन्यांनी पडताळणी करून शिक्का घ्यावा लागतो. आमचं सर्टिफिकेट त्याची जागा घेत नाही. सराफ मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं. शिक्क्याचं सील आम्ही तोडत नाही. सील तोडल्याशिवाय जुळवणी होत नसेल, तर ते काम परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याचं आणि त्यानंतर पुन्हा पडताळणी आलीच.

काटा नेमकं काय मोजतो

०.१ मिलिग्रॅमच्या काट्यात पानाखाली (पान म्हणजे वजन ठेवायची तबकडी) एका चुंबकाच्या पोटात तारेची गुंडाळी असते. वजन ठेवलं की पान खाली जाऊ बघतं आणि काटा गुंडाळीतला करंट वाढवून त्याला होतं त्या जागी आणतो. किती करंट लागला, त्यावरून आकडा. म्हणजे पृथ्वी ती वस्तू किती जोरानं ओढते, ते काटा मोजतो. आणि ही ओढ सगळीकडे सारखी नसते.

दिल्लीत जुळवलेला काटा खोक्यातून काढून तसाच छत्रपती संभाजीनगरात लावला, तर २०० ग्रॅमच्या वजनाला तो शंभर मिलिग्रॅमहून जास्त कमी दाखवेल. कारण आपण विषुववृत्ताच्या जास्त जवळ आहोत आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. एवढं लांब कशाला, तळमजल्यावरचा काटा पहिल्या मजल्यावर नेला तरी २०० ग्रॅमला साधारण ०.२ मिलिग्रॅमचा फरक पडतो. "फक्त वरच्या खोलीत हलवलाय, बाकी काही केलं नाही," या वाक्यातलं "फक्त" आम्हाला म्हणून पटत नाही.

दुसरी गोष्ट ऊन. चुंबक तापला की त्याची ताकद किंचित उतरते. काट्यात त्याची भरपाई केलेली असते, तरी चांगल्या काट्याच्या माहितीतसुद्धा दर अंशाला दहा लाखात एक-दोन भागांचा फरक लिहिलेला असतो. २०० ग्रॅमला तो ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम होतो. मे महिन्यात आपल्याकडं सकाळी दहाची खोली आणि दुपारी तीनची खोली यांत किती अंशांचा फरक असतो, ते तुम्हाला सांगायला नको.

हातानं

आमचा माणूस शक्यतो आदल्या संध्याकाळी वजनांचा डबा आणून तुमच्या काट्याच्या खोलीत ठेवतो. गाडीत तापलेलं वजन लगेच पानावर ठेवलं तर त्याच्याभोवतीची हवा गरम होऊन वर चढते आणि ते वजन असल्यापेक्षा हलकं दिसतं. ०.१ मिलिग्रॅमच्या काट्याला आम्ही ई-२ वर्गाची वजनं वापरतो. या वर्गातल्या २०० ग्रॅमच्या वजनात जास्तीत जास्त ०.३ मिलिग्रॅमची चूक चालते. १ मिलिग्रॅमच्या काट्याला एफ-१ वर्ग पुरतो, तिथं हीच मर्यादा १ मिलिग्रॅम आहे. वजन चिमट्यानंच उचलायचं. बोटाचा ठसासुद्धा वजन असतो.

आधी पाणसळ : बुडबुडा गोलाच्या मधोमध आहे का. मग पान एक-दोनदा पूर्ण वजनानं दाबून मोकळं करायचं. मग शून्य. त्यानंतर एकच वजन दहा वेळा ठेवायचं-उचलायचं, दर वेळी दार लावून, आकडा थांबेपर्यंत हात मांडीवर. मग ७० ग्रॅमच्या आसपासचं वजन मधोमध आणि चारही बाजूंना सरकवून बघायचं. शेवटी १ ग्रॅमपासून २०० ग्रॅमपर्यंत चढत जायचं आणि तसंच उतरत यायचं. यात दोन-अडीच तास जातात. चहा आणला तर तो बाहेरच ठेवा, वाफेचं सोडा, पण चहाबरोबर चार माणसं आत येतात.

हातानं काम करताना दोन चुका होतात आणि त्या आमच्याही झाल्यात. एक, आकडे उलटे लिहिले जाणं : १९९.९९८६ च्या जागी १९९.९९६८. दुसरी जास्त छुपी आहे. आधीचे पाच आकडे सारखे आले की सहावाही तसाच यावा असं मनात येतं, आणि माणूस तो आकडा येईपर्यंत थांबतो.

पण माणसाला डोळे असतात. लातूरच्या एका प्रयोगशाळेत काटा शून्यावर ठीक होता, धातूचं वजन ठेवलं तरी ठीक, पण त्यांची प्लॅस्टिकची बाटली ठेवली की आकडा थांबायलाच तयार नाही, दर सेकंदाला दोन-तीन अंकांनी खाली. काटा बिघडला म्हणून बोलावलं होतं. फेब्रुवारीतली कोरडी हवा आणि बाटली कोरड्या फडक्यानं घासून पुसायची सवय. बाटलीवर स्थिर वीज साठत होती. काचेची बाटली आणली, काम झालं. कॉम्प्युटरनं यावर "आकडा अस्थिर" एवढंच सांगितलं असतं.

कॉम्प्युटरनं

कॉम्प्युटरनं कॅलिब्रेशन म्हणजे वजनं आपोआप चढतात-उतरतात, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तुमच्याकडं येऊन केलेल्या कामात तसं काही नसतं. वजन माणूसच ठेवतो. काट्याच्या मागच्या नऊ पिनांच्या जागेतून, नाहीतर यूएसबीतून, केबल लॅपटॉपला जाते. "आता ५० ग्रॅम ठेवा" असं पडद्यावर येतं, आकडा आपोआप नोंदला जातो, तापमान आणि आर्द्रता सोबत नोंदली जाते, गणित जागच्या जागी होतं. काटा आणि लॅपटॉप यांच्यात आकडे पाठवण्याचा वेग (बॉड रेट) दोन्हीकडं सारखा नसेल, एकीकडं ९६०० आणि दुसरीकडं २४००, तर पडद्यावर नुसती भुतं नाचतात. त्याला घाबरू नका, काटा बिघडलेला नसतो.

फायदा खरा आहे. आकडे उलटे होत नाहीत, कुणाच्या मनासारखे येत नाहीत, आणि कॉम्प्युटरला रात्रभर जागं राहता येतं. वाळूजच्या एका ग्राहकाची तक्रार होती की दुपारनंतर काटा "फिरतो". आम्ही दोनदा सकाळी जाऊन तपासला, सगळं बरोबर. तिसऱ्यांदा पानावर वजन ठेवलं, दर मिनिटाला नोंद लावली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच सोडून आलो. आलेख रात्रभर सरळ आणि साडेतीन ते पाच टेकडीसारखा. साडेतीनला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन ओट्यावर यायचं आणि बरोबर काट्यावर पडायचं. जाड पडदा लावला. हे हातानं कधी सापडलं नसतं, कारण आमचा माणूस साडेतीनला परतीच्या रस्त्याला लागलेला असायचा.

आता आमची चूक. सुरुवातीच्या काळात आमची प्रणाली दर तीन सेकंदांनी आकडा उचलायची, आकडा थांबला आहे ही काट्याची खूण आली की नाही हे न बघता. एका ग्राहकाला आम्ही सांगून मोकळे झालो की काट्याचे दहा आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आतली यंत्रणा दुरुस्तीला द्या. तिथला नव्यानं लागलेला केमिस्ट पोरगा शेजारी उभा होता. म्हणाला, "सर, आकडा थांबायच्या आधीच तुमचा लॅपटॉप लिहून घेतोय की." हातानं पुन्हा केलं. काटा उत्तम होता. तेव्हापासून खूण आल्याशिवाय नोंद नाही, आणि कॉम्प्युटरच्या प्रत्येक कामात पहिले तीन आकडे आम्ही हातानंही लिहितो.

अर्थिंगचंही असंच. लॅपटॉप चार्जरला लावला की काट्याचा आकडा नाचतो आणि चार्जर काढला की शांत, असं झालं तर दोष बहुतेक वेळा भिंतीतल्या पिनेत असतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडतो. एका ठिकाणी न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये ११ व्होल्ट निघाले. खड्ड्यात दोन घागरी पाणी ओतलं, संध्याकाळपर्यंत २ वर आले. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्या खड्ड्याला पाणी द्या, झाडांना देता तसं. आम्ही मात्र लॅपटॉप बॅटरीवरच चालवतो.

काट्यातल्या मोटरच्या आपोआप जुळवणीबद्दलही विचारणा होते. बटण दाबलं की घर्र आवाज होतो, आतलं वजन चढतं, काटा स्वतःला जुळवून घेतो. रोज सकाळी जरूर करा. पण आतलं वजन बरोबर आहे का, हे काटा स्वतःच स्वतःला विचारू शकत नाही.

मग तुम्ही कोणतं घ्यावं

सराफांना आणि कॉलेजांना आम्ही हातानंच सुचवतो. कॉलेजात तर विद्यार्थ्यांना शेजारी बसवा, आमची हरकत नाही.

औषध कंपन्यांनी कॉम्प्युटरचं घ्यावं, आणि त्यातही एका आकड्याकडं बघावं : कमीत कमी किती वजन या काट्यावर धरायचं. अमेरिकेच्या औषधकोशाच्या ४१ व्या प्रकरणाचा हिशोब असा : एकच वजन दहा वेळा ठेवून आलेल्या आकड्यांचं प्रमाण विचलन (ते एकमेकांपासून किती विखुरलेत, त्याचं माप) गुणिले २०००. विचलन ०.०८ मिलिग्रॅम आलं तर १६० मिलिग्रॅमच्या खाली त्या काट्यावर मोजू नये. काटा कितीही चांगला असला तरी ०.१ मिलिग्रॅमच्या काट्याला ही मर्यादा ८२ मिलिग्रॅमच्या खाली धरता येत नाही. पडद्यावर चार दशांश दिसतात म्हणून २० मिलिग्रॅमचा नमुना त्यावर मोजणारे आम्ही पाहिलेत, आणि त्यांचं सर्टिफिकेट अगदी नियमित होतं.

जालन्याकडच्या बियाणं प्रयोगशाळांनी दोन्हींत अडकू नये. वर्षातून एकदा आमच्याकडून, आणि रोज सकाळी स्वतःचं एक वजन ठेवून वहीत आकडा. ती वही आमच्या कागदापेक्षा जास्त कामाची आहे.

आमची वजनं ठरलेल्या मुदतीनं मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाऊन येतात आणि त्यांच्या तुलनेची साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत पोचते. त्यांची सर्टिफिकेटं मागा, दाखवू. २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून प्लँकच्या स्थिरांकावर (निसर्गातला एक कधी न बदलणारा आकडा) गेली, त्यावरही एकानं फोन करून विचारलं होतं. तुमच्या काट्याला त्यानं काही होत नाही.

आम्ही येण्याआधी

काटा आदल्या रात्रीपासून चालू ठेवा. मध्ये लाइट गेली तर किती वाजता गेली आणि आली ते लिहून ठेवा. कूलर आणि पंखा बंद करा, गरम होईल, पण दोन-अडीच तासांचाच प्रश्न आहे. एसी असेल तर चालू राहू द्या, फक्त झोत काट्यावर नको. काटा लाकडी टेबलावर असेल तर कडप्प्याच्या ओट्यावर आधीच हलवा, आमच्यासमोर नको. पान आणि आतली धूळ मऊ ब्रशनं काढा, फुंकर मारू नका.

आणि मागच्या वर्षीचं सर्टिफिकेट शोधून ठेवा. त्याच्यावर चहाच्या कपाचा डाग असला तरी चालेल, आकडे वाचता आले पाहिजेत.