डिफॉल्ट प्रॉपर्टी व मेथड (एक्सेल व्हीबीए)

एक्सेलच्या मॅक्रोत ऑब्जेक्टचे (सेल, शीट अशा वस्तूचे) नुसते नाव लिहिले आणि पुढे टिंब देऊन काय हवे ते सांगितले नाही, तर व्हीबीए ही मॅक्रोची भाषा जी प्रॉपर्टी (गुणधर्म) किंवा मेथड (कृती) गृहीत धरते तिला त्या ऑब्जेक्टची डिफॉल्ट प्रॉपर्टी किंवा मेथड म्हणतात. रेंज("ए१") = ५ या ओळीने सेलमध्ये ५ येतो, कारण तिचा पूर्ण अर्थ रेंज("ए१").व्हॅल्यू = ५ असा आहे.

व्हीबीए १९९३ मध्ये एक्सेल ५.० बरोबर आली. तिच्या ऑब्जेक्टांमध्ये प्रत्येक प्रॉपर्टीला आणि मेथडला आतून एक क्रमांक असतो, आणि ज्याचा क्रमांक ० तो डिफॉल्ट. साहजिकच एका ऑब्जेक्टला डिफॉल्ट एकच असतो. वर्कशीट्स("जमा") लिहिताना आपण वर्कशीट्स.आयटम("जमा") असेच म्हणत असतो. व्हीबीएच्या स्वतःच्या कलेक्शनमध्ये, म्हणजे वस्तूंच्या संग्रहात, आयटम ही मेथड आहे, एक्सेलच्या वर्कशीट्ससारख्या संग्रहांत ती प्रॉपर्टी आहे. लिहिणाऱ्याला फरक जाणवत नाही. रेंजचे प्रकरण जरा वेगळे. तिची खरी डिफॉल्ट प्रॉपर्टी लपवलेली असते. कंसात क्रमांक दिले तर ती आयटमसारखी वागते, नाही दिले तर व्हॅल्यूसारखी. म्हणून रेंज("बी२")(१, २) म्हणजे सी२ हा सेल.

सेट हा शब्द व्हीबीएत का लागतो, याचे उत्तरही इथेच आहे. क्ष हे व्हेरिएंट (कोणत्याही प्रकारची गोष्ट ठेवू शकणारे चल) असेल, तर क्ष = रेंज("ए१") मध्ये सेलमधली किंमत येते आणि सेट क्ष = रेंज("ए१") मध्ये सेल स्वतः येतो. क्ष रेंज म्हणून जाहीर केलेले असेल आणि सेट विसरले, तर व्हीबीए अजून रिकाम्या असलेल्या क्ष च्या डिफॉल्ट प्रॉपर्टीत किंमत भरायला जाते आणि ९१ क्रमांकाची चूक दाखवते. नवशिक्यांना ही चूक कोड्यात टाकते, कारण त्यांनी न लिहिलेल्या प्रॉपर्टीमुळे ती आलेली असते.

चूक दाखवली गेली तर निदान शोधता येते. डिक्शनरीत, म्हणजे की (ओळखीचे नाव) आणि तिच्याशी जोडलेली किंमत अशा जोड्या साठवणाऱ्या ऑब्जेक्टमध्ये, मात्र काहीच दाखवले जात नाही. तिची की म्हणून सेल्स(१, १) दिले, तर व्हॅल्यू गृहीत धरली जात नाही, कारण डिक्शनरीला की म्हणून ऑब्जेक्टही चालतो. सेल्स दर वेळी नवा रेंज ऑब्जेक्ट देते. त्यामुळे एकच नाव दहा ओळींत असले तरी दहा वेगळ्या की तयार होतात आणि बेरजा चुकतात. सेल्स(१, १).व्हॅल्यू लिहिले की प्रश्न मिटतो. याच्या उलटही घडते: कॉल हा शब्द न लिहिता प्रोसिजर बोलावताना आर्ग्युमेंटभोवती (तिला दिलेल्या गोष्टीभोवती) जादा कंस घातला, तर रेंजऐवजी तिची किंमत पुढे जाते.

कोणत्या ऑब्जेक्टचा डिफॉल्ट कोणता, हे एडिटरमध्ये एफ२ दाबून ऑब्जेक्ट ब्राउझरमध्ये पाहता येते. त्या नावाच्या चिन्हावर छोटा निळसर ठिपका असतो. स्वतः तयार केलेल्या क्लासलाही (ऑब्जेक्टच्या साच्यालाही) डिफॉल्ट देता येतो, पण एडिटरमधून नाही. क्लास एक्सपोर्ट करून साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये व्हीबी_यूजरमेमआयडी = ० ही अ‍ॅट्रिब्यूटची ओळ त्या प्रॉपर्टीत घालावी लागते आणि मग क्लास पुन्हा इम्पोर्ट करावा लागतो.

डिफॉल्टचा वापर पूर्ण टाळावा असे नाही. वर्कशीट्स("जमा") मध्ये आयटम गाळल्याने वाचणाऱ्याचे काही अडत नाही, उलट ओळ सुटसुटीत होते. व्हॅल्यू मात्र गाळू नये, कारण तिथे वस्तू हवी की किंमत, हे ओळीवरून कळत नाही. २००२ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिक डॉट नेटने भाषेतच हा भेद केला: कंसात काही घेणाऱ्या डिफॉल्ट प्रॉपर्टी ठेवल्या, काहीच न घेणाऱ्या काढून टाकल्या, आणि त्यांच्याबरोबर नेमणुकीतला सेटही गेला. व्हीबीएत दोन्ही आजही आहेत.