उपकेंद्रातली जोडी आणि तिचा मोडलेला अर्धा भाग

प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे का, एवढंच आपण विचारतो. पण हे केंद्र एकट्या डॉक्टरच्या भरवशावर चालावं, असं मुळात कोणी ठरवलंच नव्हतं. देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा मांडणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात ४० हजार वस्तीमागे एक केंद्र सुचवलं, तेव्हा माणसं मोजून मांडली होती: २ डॉक्टर, १ नर्स, ४ सार्वजनिक आरोग्य परिचारिका, ४ सुईणी, ४ प्रशिक्षित दाया, २ स्वच्छता निरीक्षक, २ आरोग्य सहाय्यक, १ औषधनिर्माता, शिवाय १५ चतुर्थ श्रेणी कर्मचारी.

१९५२ पासून विकास गटांमध्ये केंद्रं उभी राहू लागली, पण एवढी माणसं काही मिळाली नाहीत. त्यातच प्रत्येक रोगाची मोहीम आपापला कर्मचारी घेऊन आली. हिवतापवाला दर पंधरवड्याला दारात येई, ताप आहे का विचारी, बोट टोचून काचपट्टीवर रक्त घेई आणि पुढच्या घरी जाई. त्याच घरात सून गरोदर असली तरी ते त्याचं काम नव्हतं. देवीची लस टोचणारा वेगळा, कुटुंबनियोजनवाला वेगळा.

हा पसारा आवरला कर्तारसिंग समितीने, १९७३ मध्ये. सगळ्यांना मिळून बहुउद्देशीय कर्मचारी करायचं आणि प्रत्येक उपकेंद्रात, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राखालच्या गावपातळीवरच्या छोट्या केंद्रात, एक बाई, एक पुरुष अशी जोडी ठेवायची. माझ्या मते आपल्या ग्रामीण आरोग्यव्यवस्थेतला हा सर्वांत शहाणा निर्णय. घात केला पगाराने. जोडीतल्या बाईच्या, म्हणजे आरोग्यसेविकेच्या (गावाच्या नर्सबाईंच्या) पगाराचा पैसा कुटुंबकल्याण कार्यक्रमातून केंद्र सरकारकडून येई, पुरुषाचा, म्हणजे आरोग्यसेवकाचा भार मात्र राज्यांवर. राज्यांचा हात आखडला तशी पुरुषांची पदं अनेक ठिकाणी रिकामी राहिली. मग लसीकरण, बाळंतपणं, नोंदवह्या आणि साथ आली की घरोघर सर्वेक्षण, सगळं नर्सबाईंच्याच गळ्यात. जोडीचं काम एकटीकडून करून घ्यायचं आणि आकडे कमी पडले की तिलाच बोल लावायचा, हा उघड अन्याय आहे.

वेगळी वाट जामखेडला दिसली. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून तिथे गावातल्याच बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. त्यांतल्या अनेक दलित होत्या, बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती. प्रशिक्षण एकदाचं उरकलं असं नव्हतं, त्या नियमित जामखेडला येत. डॉक्टर, नर्स आणि समाजसेवक यांचं फिरतं पथक गावात जाई ते त्यांच्या मदतीला. पथकातली मुख्य व्यक्ती गावातली, बाकीचे तिच्या पाठीशी, अशी ती रचना होती.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात साधारण हजार वस्तीमागे एक आशा, म्हणजे गावपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती आली. गावातली बाई घेतली, पण तिला ना पद ना पगार. कामागणिक मोबदला आणि मानधन. २०१८ पासून उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी येऊ लागले, म्हणजे रक्तदाब-मधुमेहाची तपासणी आणि औषधं गावाजवळ मिळू लागली. त्यांच्या नेमणुकाही बहुतेक कंत्राटीच. पथकात माणसं वाढली, पण कायम पगारावर असलेल्या आरोग्यसेवकाची खुर्ची कित्येक उपकेंद्रांत अजून रिकामीच आहे.