सेल्फ गेला असं वाटतंय? पिकअपचा स्टार्टर काढण्याआधी आणि बदलताना

आमच्याकडे पिकअप घेऊन येणारे बरेच जण आल्याआल्या एकच वाक्य बोलतात, "सेल्फ गेलाय, नवीन टाका." सेल्फ म्हणजे स्टार्टर, इंजिन फिरवून चालू करणारी मोटर. आम्ही लगेच टाकत नाही, आणि त्यावरून काही जण वैतागतात पण, म्हणून हे माहितीपत्रक. सेल्फ काढायचा म्हणजे गाडीखाली आडवं पडून, दिसत नसलेल्या बोल्टशी झटापट करायची, आणि एवढं सगळं करून नवीन बसवल्यावर किल्ली फिरवली की परत तोच "टक" आवाज आला तर ना तुम्हाला बरं वाटतं ना आम्हाला. दोष बॅटरीत, केबलमध्ये किंवा अर्थिंगमध्ये (बॅटरीच्या मायनसकडे परत जाणाऱ्या जोडणीत) असला की नेमकं हेच होतं.

तर आधी आवाज ऐका. किल्ली फिरवल्यावर भराभर टकटकटकटक असं आलं तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा टर्मिनल ढिलं असतं, कारण सोलेनॉइड (सेल्फवरचा विजेच्या चुंबकाचा स्विच) आत ओढला जातो, मोटरने करंट खेचला की व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, परत ओढला जातो, असं ते चक्र चालू राहतं. एकच जाड "टक" येऊन सगळं शांत झालं तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट खाल्लेले असतील, कार्बन ब्रश (फिरणाऱ्या मोटरला करंट पोचवणारे तुकडे) संपले असतील किंवा जाड केबलच्या जोडात गंज असेल. मोटर घूंऽऽ करून नुसती फिरते पण इंजिन हलत नाही, तर पिनियन (सेल्फच्या टोकाचा छोटा गिअर) पुढे येत नाहीये किंवा त्याचा एका दिशेचा क्लच घसरतोय, हा दोष सेल्फचाच. करकर दात खाल्ल्यासारखा आवाज आला तर पुन्हा पुन्हा किल्ली फिरवू नका, फ्लायव्हीलच्या रिंग गिअरचे (इंजिनच्या जड चाकाभोवतीची दातेरी कडी, पिनियन तिच्यातच अडकतो) दात जातात आणि ते काम सेल्फपेक्षा फार मोठं आहे, गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. आणि काहीच आवाज नाही, टक पण नाही, तर सेल्फकडे जायच्या आधी रिले, फ्यूज, क्लच पेडलचा स्विच बघा, ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर न्यूट्रलला टाकून एकदा प्रयत्न करा. न्यूट्रलला चालू झाली आणि पार्कमध्ये होत नसेल तर सेल्फ चांगला आहे, लिव्हरचा स्विच नाहीतर त्याची सेटिंग बिघडलीय.

आता मीटर. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. गाडी काही तास उभी असताना बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ दिसले तर ती साधारण अर्धीच भरलेली आहे, आधी चार्ज करा मग बोलू. सेल्फ मारताना व्होल्टेज खाली जाणारच, पण ९.६ च्या खाली जात असेल तर एकतर बॅटरी दमलीय किंवा सेल्फ जास्त करंट खेचतोय.

पण खरी गंमत पुढच्या मापात आहे आणि हे माप लोक घेतच नाहीत. मीटरची एक तार बॅटरीच्या प्लसच्या खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच, आणि दुसरी सेल्फच्या जाड केबलच्या स्टडवर (केबल ज्याला नटाने आवळतात त्या खुंटीवर) धरायची आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर केबल किंवा जोड व्होल्टेज खातोय. तसंच बॅटरीचा मायनस खांब आणि सेल्फची बॉडी, इथे ०.२ ते ०.३ च्या वर नको. हिशोब सोपा आहे बघा, सेल्फ मारताना २०० अँपिअर जात असतील आणि गंजलेल्या जोडात फक्त ०.०१ ओहम रेझिस्टन्स असेल तर तिथेच २ व्होल्ट गेले. डिझेल पिकअपला तर करंट याहून बराच जास्त लागतो. वरून बघितलं तर केबल नवी कोरी दिसते आणि आत थिंबलच्या (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली हिरवी पावडर झालेली असते. म्हणून इंजिनपासून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी काढून वायर ब्रशने घासून परत आवळणं, हे काम आम्ही नवीन सेल्फ विकायच्या आधी करतो, कितीतरी गाड्या तेवढ्यावरच घरी जातात.

पाना किंवा हातोडीने सेल्फला दोन टोले मारले की गाडी चालू होते हे खरं आहे, अडकलेले ब्रश हलतात म्हणून. एखाद्या वेळी रस्त्यात अडकलात तर ठीक, पण हलकेच, कारण हल्लीच्या बऱ्याच छोट्या सेल्फमध्ये कॉइलच्या जागी कायमचे चुंबक असतात आणि जोरात मारलं की ते तडकतात. आणि टोल्यावर चालू झाली म्हणजे दुरुस्त झाली असं नाही, उलट ब्रश संपत आल्याचा तो पुरावा समजा.

बरं, मापं घेतली, केबल ठीक, बॅटरी ठीक, सेल्फच गेलाय. स्वतः काढणार असाल तर पहिली गोष्ट, बॅटरीचा मायनस काढा आणि क्लॅम्प असा बाजूला बांधा की तो उसळून परत खांबाला लागणार नाही. याला अजिबात फाटा देऊ नका. सेल्फला येणारी जाड केबल थेट बॅटरीतून येते, किल्ली बंद असली तरी तिच्यात करंट असतो आणि बहुतेक गाड्यांत मध्ये फ्यूज पण नसतो, पाना एकीकडे त्या नटला आणि दुसरीकडे चासीला लागला तर पाना लाल होतो, हात भाजतो, बॅटरी फुटू पण शकते.

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ठोकळे, आणि खाली जायचं तर गाडी घोडीवरच (लोखंडी स्टँडवरच) पाहिजे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, आमच्याकडे पण कोणी जात नाही. सायलेन्सरचा पाइप सेल्फच्या अगदी जवळून जातो तेव्हा इंजिन थंड होऊ द्या.

सेल्फ सापडतो जिथे इंजिन आणि गिअरबॉक्सची घंटी (बेल हाउसिंग, पुढचं घंटेसारखं आवरण) जुळते तिथे, बहुतेक पिकअपना खालून दिसतो. फोर बाय फोर असेल तर खालचा संरक्षक पत्रा काढावा लागतो, कधी पुढचा प्रोपेलर शाफ्ट आड येतो, काही गाड्यांत चाक आणि मडगार्डचं आतलं प्लास्टिक काढून बाजूने हात घालणं जास्त सोपं पडतं. आणि काही इंजिनांत मात्र तो खाली नसतोच, उदाहरणार्थ जुन्या टोयोटा टुंड्राच्या ४.७ लिटर व्ही-८ मध्ये तो वर, इनटेक मॅनिफोल्डच्या खाली बसलेला आहे, तिथे मॅनिफोल्ड उचलल्याशिवाय इलाज नाही, म्हणून तुमच्या गाडीचं मॅन्युअल आधी बघा, नाहीतर खाली पडून शोधत बसाल.

वायरी काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. एक जाड केबल असते, एक बारीक वायर किल्लीकडून येते, कुठे कुठे त्याच स्टडवर अजून एक-दोन थिंबल असतात आणि तेच नंतर विसरतात. मग दोन किंवा तीन बोल्ट. खालचा सहज निघतो, वरच्यासाठी लांब एक्स्टेंशन आणि वाकणारा जॉइंट लावून रॅचेट चालवावं लागतं, आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवला तर सकाळी शिव्या कमी लागतात. शेवटचा बोल्ट सोडताना एका हाताने सेल्फ धरा, दिसतो त्यापेक्षा वजनदार असतो आणि तो वायरीवर लोंबकळला तर वायर तुटते, तोंडावर आला तर दात. सेल्फ आणि इंजिनच्या मध्ये पातळ पत्र्याच्या शिम निघाल्या तर त्या फेकू नका, पिनियन आणि रिंग गिअरमधलं अंतर त्यांच्यावर ठरतं. उष्णता अडवणारा पत्रा निघाला तर तो पण परत लावायचा आहे, "याच्याशिवाय पण चालतं" असं म्हणून तो ज्यांनी फेकला त्यांचा पुढचा सेल्फ लवकर जातो.

सेल्फ बाहेर आला की त्या भोकातून टॉर्च मारून रिंग गिअरचे दात बघा, आणि इंजिन पान्याने फिरवत पूर्ण चक्कर बघा, एकाच जागी बघून उपयोग नाही कारण इंजिन बंद होताना ठराविक जागांवरच थांबतं आणि दात तिथेच झिजतात. जुना सेल्फ तेलाने माखलेला असेल तर तेल वरून कुठून गळतंय ते आधी बंद करा.

नवा आणि जुना शेजारी ठेवून मिळवून बघा, पिनियनचे दात मोजा, बोल्टची भोकं, नाकाची लांबी, फिरायची दिशा. एकाच मॉडेलच्या मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक गाडीचा सेल्फ वेगळा असू शकतो. बसवताना टेकायच्या जागा घासून स्वच्छ करा, कारण सेल्फला अर्थ त्याच्या बॉडीतूनच मिळतो, तिथे रंग किंवा गंज राहिला तर नवा पण मंद फिरणार. बोल्ट आधी हाताने चार आटे चढवा मग पाना लावा, घंटी बऱ्याच ठिकाणी अॅल्युमिनियमची असते आणि वाकडा गेलेला बोल्ट आटे खाऊन टाकतो. जाड केबलचा नट मात्र बेताने, तो स्टड प्लास्टिकच्या टोपीत बसलेला असतो, जोर केला तर अख्खा फिरतो आणि नवा सोलेनॉइड घरी न्यायच्या आधीच गेला, आणि असा तुटलेला आम्ही वॉरंटीत बदलून देत नाही, आधीच सांगतोय. मायनस सगळ्यात शेवटी.

चालू करताना एका वेळी १० सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका, मध्ये एक-दोन मिनिटं थांबा. चार्ल्स केटरिंगने १९१२ च्या कॅडिलॅकसाठी इलेक्ट्रिक सेल्फ केला तेव्हा युक्ती हीच होती, मोटर छोटी ठेवायची आणि थोडा वेळच तिच्यावर प्रचंड लोड टाकायचा, आजचा सेल्फ पण तसाच आहे, सतत चालवला की जळतो.

बॅटरी काढल्यामुळे घड्याळ शून्यावर जाईल, काही गाड्यांत म्युझिक सिस्टिम कोड मागते, तो कोड काम सुरू करायच्या आधी शोधून ठेवा. पहिले काही किलोमीटर आयडलिंग थोडं वरखाली होऊ शकतं, आपोआप बसतं. जुना सेल्फ फेकू नका, नव्याच्या खोक्यात घालून आमच्याकडे आणा, आर्मेचर (आतला फिरणारा भाग) आणि बॉडी चांगली असेल तर ब्रश, बुश आणि कॉन्टॅक्ट टाकून तो परत कामाला येतो आणि तेवढी रक्कम तुमच्या बिलातून कमी होते.